आधी तिला काढा

लिफ्ट अडकल्याचा कॉल आला की आमच्या गाडीत कुणाचा चेहरा गंभीर होत नाही. आगीचा बंब आणि अॅम्ब्युलन्स दोन्ही आमच्याच ठाण्यातून निघतात. त्या दिवशी दोन्ही निघाल्या, कारण फोनवर सांगितलं होतं, 'आत मुलगी गुदमरतेय.' खरं तर लिफ्टला हवा खेळायला फटी भरपूर असतात, जीव घाबरतो तो भीतीनं. पण हे फोनवर कोण कुणाला पटवणार!

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली. आत रडणारी मुलगी, सगळी बटणं दाबत सुटलेले एक गृहस्थ आणि एक आजोबा. बाहेर सल्लागारांची गर्दी. 'दार फोडा', 'उड्या मारू द्या त्यांना.' निम्म्यांचे मोबाइल वर.

उडी कधीच मारू द्यायची नाही. लिफ्टच्या तळाखाली खड्डा उघडा असतो, पाय घसरला की माणूस थेट त्यात. म्हणून आधी मेन स्विच बंद, मग वरच्या मशीन रूममध्ये जाऊन ब्रेक थोडाथोडा सोडत हातचाकानं लिफ्ट मजल्याला लावायची. लोकांना वाटतं, ब्रेक सुटला की लिफ्ट खाली येणार. पण काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाचं समतोलाचं वजन, असतं रिकामी लिफ्ट अधिक तिच्यात मावणाऱ्या साधारण निम्म्या माणसांच्या वजनाचं. आत तिघंच, त्यामुळे ती वर जाते. आमच्या सहकाऱ्यानं चाक धरलं आणि आतून बटणवाले ओरडले, "अहो, उलटी चाललीय!"

मी दाराशी बोलत उभा होतो. माझ्यापेक्षा आजोबाच छान बोलत होते. "बाळ, हे किती बटणं दाबतायत ते मोज. एवढी मी जन्मात शर्टाला लावली नसतील." मुलगी रडता रडता हसली. मी विचारलं, "आजोबा, तुम्ही बरे आहात ना?" "मला काय झालंय? आधी तिला काढा."

दार उघडलं. मुलीची बोटं मुंग्या येऊन आखडली होती. सावकाश श्वास घ्यायला लावल्यावर सुटली. आजोबा शेवटी बाहेर आले. चेहरा राखेसारखा, शर्ट घामानं चिंब. तिथंच ईसीजी काढला, त्यातला एसटी नावाचा भाग सरळ वर चढलेला, म्हणजे हार्ट अटॅक. अॅस्पिरिन चावायला दिली, हॉस्पिटलला कॅथलॅब, म्हणजे हृदयाची बंद नळी उघडायची खोली, तयार ठेवायला कळवलं. असा रुग्ण चालवायचा नसतो आणि लिफ्ट तर आम्हीच बंद केलेली. खुर्चीत बांधून जिन्यानं उतरवलं. मोबाइलवाल्यांपैकी एकानंही वाट दिली नाही, ढकलावं लागलं.

"कधीपासून दुखतंय?"

"लिफ्ट थांबायच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दाराबाहेर होतात. काय केलं असतंत?"

ते वाचले. आमचा ड्रायव्हर म्हणतो, आजोबांचं बरोबर होतं, ते बोलले असते तर त्या डब्यात एकाचे तीन रुग्ण झाले असते. मला पटत नाही. हॉस्पिटलला आधी कळवता आलं असतं, खुर्ची आणि मशीन दाराशी लावून ठेवता आलं असतं. पण मग त्या मुलीला कुणी हसवलं असतं? आजोबांच्या प्रश्नाला मी अजून उत्तर शोधतोय.

बटणवाल्यांनी पुढं लेखी तक्रार दिली, की लिफ्ट चुकीच्या दिशेनं नेली. त्या तक्रारीला मात्र मी सविस्तर उत्तर लिहिलं, काउंटरवेटच्या आकृतीसकट.