मुदत संपत आलेले शिपाई

तासगावात जुलैचा पाऊस लागला की आमच्या अकादमीच्या मैदानाचं काही खरं नसतं. काळी माती. सोळाशे मीटरच्या ट्रॅकवर बूट रुतून बसतात. त्या सकाळी सुभेदारसाहेबांनी भरतीच्या बॅचला मैदानावरून थेट माझ्या वर्गात आणलं. ‘सर, पोरं मागं बसतील. तुमचं चालू द्या,’ म्हणाले, आणि स्वतःही शेवटच्या बाकावर बसले.

मी एनडीएच्या लेखी परीक्षेसाठी इतिहास शिकवतो. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध अभ्यासक्रमात आहे. गाइडमध्ये ते दोन पानांत संपतं: बोस्टन बंदरातला चहा, १७७६ चा जाहीरनामा, यॉर्कटाऊन. शिपाई त्यात कुठेच नाही. ज्या मुलांना उद्या शिपाई किंवा अधिकारी व्हायचंय, त्यांना हे युद्ध असं शिकवणं मला पटत नाही.

म्हणून सुरुवात गावातूनच केली. ‘आपल्या गणपतीचं गोपुर कुणी बांधलं?’ सगळे एका सुरात, ‘परशुरामभाऊ पटवर्धन!’ मग सांगितलं, मे १७९१ मध्ये याच परशुरामभाऊंची आणि हरिपंत फडक्यांची फौज श्रीरंगपट्टणजवळ इंग्रजांना येऊन मिळाली. टिपूवर चालून गेलेल्या इंग्रज सेनापतीचे बैल मेले होते, धान्य संपलं होतं. आपल्याच अवजड तोफा फोडून तो माघारी फिरला होता. मराठ्यांच्या लष्करी बाजारातल्या धान्यावर त्याची फौज तगली. तो सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाऊनला ज्याच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली, तोच. आजारी असल्याचं सांगून त्या दिवशी तो स्वतः आलाच नाही, हाताखालच्या ओहाराला पाठवलं.

वर्ग जागा झाला. कॉर्नवॉलिस तिथं कुणापुढे हरला? फ्रेंच फौज आणि आरमार होतंच, त्याशिवाय यॉर्कटाऊन झालं नसतं. पण त्याआधीची सहा वर्षं जी फौज कशीबशी टिकून राहिली, तिचं काय?

मी डिसेंबर १७७६ वर आलो. अमेरिकनांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन. त्याची फौज न्यूयॉर्कमधून मार खात मागं हटलेली. नाताळच्या रात्री बर्फ वाहणारी डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर छापा घातला, इंग्रजांच्या भाडोत्री जर्मन फौजेचे नऊशेच्या आसपास लोक पकडले. इथपर्यंत गाइडमध्येही असतं. पुढचं नसतं. बहुतेक शिपायांची भरती एका वर्षाची होती आणि ती ३१ डिसेंबरला संपत होती. जिंकलेली फौज चार-पाच दिवसांत घरी जाणार होती.

मागून आवाज आला, ‘म्हणजे अग्निवीरच की वो सर!’

वर्ग हसला. सुभेदारसाहेब हसले नाहीत. ते उठून पुढं आले. ‘सर, पाच मिनिटं द्या मला.’ मग मुलांकडे वळून, ‘उठा. दोन रांगा. सावधान!’

बाकांच्या मधल्या जागेत मुलं उभी राहिली. साहेबांनी आवाज चढवला नाही. ‘तुमची मुदत परवा संपतीय. पायात धड बूट न्हाईत. पगार थकलाय. मी तुमचा सेनापती. अजून सहा आठवडे थांबा म्हणतोय. जो थांबणार, त्यानं एक पाऊल पुढं.’

एनडीएची मुलं क्षणाचाही विचार न करता पुढं झाली. भरतीच्या बॅचमधले बरेचसे जागचे हलले नाहीत.

साहेब त्यांच्यातल्या एकापुढं जाऊन उभे राहिले. ‘का रं? भ्यालास?’

‘न्हाई साहेब.’ मुलगा समोर बघत होता. ‘डिसेंबरात बाग ऐन भरात असती. वडील एकटेच हाईत. सहा आठवडे कोण बघणार?’

आता ओरडा बसणार असं सगळ्यांना वाटलं. मलाही. साहेब म्हणाले, ‘बरोबर बोललास. शिपाई घरदार टाकून आलेला असतो, हे ज्याला दिसत न्हाई त्यानं हुकूम देऊ नये.’ आणि पुढं झालेल्या मुलांकडे वळून, ‘तुम्ही लई पटकन निघालात.’

मग मी पुढचं सांगितलं. तिथल्या एका सार्जंटनं नंतर लिहून ठेवलंय. वॉशिंग्टननं सहा आठवडे जादा राहणाऱ्याला दहा डॉलर देऊ केले. नगारा वाजला, एकही माणूस पुढं आला नाही. वॉशिंग्टननं घोडा वळवला, परत रांगेसमोर आला. तुम्ही सांगितलेलं सगळं केलंत, त्याहून जास्त केलंत, दमलात हे मला दिसतंय, पण दुसरा मार्ग उरलेला नाही, अशा अर्थाचं बोलला. नगारा पुन्हा वाजला. आधी थोडे आले, मग त्यांच्याकडे बघून बाकीचे. दहा डॉलरचा शब्द दिला तेव्हा हाताशी पैसा नव्हता. रॉबर्ट मॉरिस नावाच्या व्यापाऱ्याकडे रोकडीसाठी निरोप धाडावा लागला. थांबलेल्या त्या माणसांना घेऊन ३ जानेवारी १७७७ ला प्रिन्स्टन जिंकलं.

व्हॅली फोर्जच्या हिवाळ्याबद्दल थोडक्यातच बोललो. १७७७-७८ च्या त्या छावणीत दोन हजारांच्या आसपास माणसं गेली, लढाईत नव्हे, रोगराईनं. तिथं कवायत शिकवायला आलेल्या श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याचं नाव निघताच साहेबांचे डोळे चमकले. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. शंभरएक माणसांची तुकडी निवडून तो स्वतः पुढं उभा राहिला आणि त्या तुकडीकडून बाकीच्या फौजेला शिकवलं. युरोपात हुकूम दिला की काम होतं, इथं आधी कारण सांगावं लागतं, असं त्यानं मित्राला कळवलं होतं. ‘मग लई शहाणा होता,’ साहेब म्हणाले.

खरी वादावादी झाली ती वॉशिंग्टनच्याच फौजेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींवरून. १ जानेवारी १७८१ च्या रात्री ती माणसं बंड करून उठली. तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत, अशी त्यांची भरती. तीन वर्षं झाली, सोडा, असं शिपायांचं म्हणणं. युद्ध संपेपर्यंत सुटका नाही, असं अधिकाऱ्यांचं. पगार थकलेला, कपडे फाटलेले. त्या रात्री एक कॅप्टन मारला गेला. इंग्रजांनी फितवायला माणसं पाठवली, तर बंडवाल्यांनी तीच पकडून दिली. त्यांना फाशी झाली.

साहेब म्हणाले, ‘मागणी रास्त. रीत चुकली.’

बागेवाला मुलगा उभा राहिला. ‘मग साहेब, रीत कोणती होती?’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, त्यांचा सेनापती अँथनी वेन यानं दोन आठवडे आधीच सरकारला पत्र लिहून बजावलं होतं. वॉशिंग्टननंही काँग्रेसला, म्हणजे तिथल्या प्रतिनिधींच्या सभेला, पत्रांमागून पत्रं लिहिली होती. उपयोग झाला नाही.

‘आणि त्या रात्री वेननं काय केलं?’ साहेबांनीच विचारलं.

‘पळाला नाही. दोन कर्नल बरोबर घेऊन बंडवाल्यांच्या मागोमाग प्रिन्स्टनला गेला. तडजोड होईपर्यंत त्यांच्यातच राहिला.’

साहेबांनी मान हलवली. मुलाचं समाधान झालं नव्हतं. ‘मिळालं काय पण त्यांना?’

निम्म्याहून जास्त जणांना सुटका मिळाली, कागद सापडला नाही तर शपथेवर. चलनाची किंमत घसरल्यानं पगारात जे नुकसान झालं, त्यापोटी रोख नाही, नुसते दाखले. आणि प्रत्येकाला एक सदरा, एक विजार, बुटांचा एक जोड कबूल झाला.

मुलगा खाली बसला. साहेब थोडा वेळ गप्प राहिले, मग वर्गाला म्हणाले, ‘बुटाच्या जोडासाठी बंड करायला लागलं. हे पण लिहून घ्या.’