हॉलची टाकसाळ आणि डुगडुगणारा थालर

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमधल्या एका दुकानात थालर, म्हणजे जुनं मोठं चांदीचं नाणं, हातात घेतला आणि लगेच परत ठेवला. १६३२चा, इथल्या टिरोल प्रांताचा शासक आर्चड्यूक लिओपोल्ड पाचवा याचा. चेहरा सुरेख, पण टेबलावर ठेवला की डुगडुगायचा. वाकलेलं नाणं कोण घेणार? दुकानदार हसला, म्हणाला, आधी हॉलला जाऊन या.

हॉल हे शेजारचं गाव, लोकलने जेमतेम दहा मिनिटं. स्टेशनवरून चालतच हासेग किल्ला गाठता येतो, टाकसाळ तिथेच. आर्चड्यूक सिगिस्मुंडने १४७७मध्ये टाकसाळ मेरानहून हॉल गावात आणली, कारण श्वाझच्या चांदीच्या खाणी इथून जवळ. सोन्याची चणचण, चांदी मात्र उदंड, म्हणून १४८६मध्ये गुल्डन या सोन्याच्या नाण्याच्या मोलाचं जाडजूड चांदीचं नाणं इथे पाडलं. थालरचा हा थोरला भाऊ. (‘थालर’ हे नाव बोहेमियातल्या योआखिम्सथालचं. ‘डॉलर’ही त्यातूनच आला.)

माझा बहुतेक वेळ एकाच यंत्रापुढे गेला. सोळाव्या शतकातल्या यंत्राबरहुकूम नव्याने बांधलेलं. पाणचक्कीवर फिरणारे दोन रूळ, त्यांवर ठसे कोरलेले. उसाच्या चरकात कांडं घालावं तशी मधून चांदीची पट्टी जाते, दोन्ही बाजूंना छाप उमटते, मग एकेक नाणं कापून काढायचं. रुळांतून निघालेली पट्टी जराशी बाकदार, म्हणून नाणंही बाकदार! मी ज्याला खोट समजलो ती जन्मखूण होती. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने हेच तंत्र पुढे सेगोव्हियाला नेलं.

घ्यायचंच असेल तर वजनकाटा आणि भिंग घरूनच न्या. थालर २८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. कडेवरून भिंग सावकाश फिरवा. अनेक थालर कडी लावून गळ्यात घालत, नंतर कडी काढून जोडाचा डाग घासलेला असतो. माझ्याकडे असा एक आहे, पूर्ण किमतीला घेतलेला. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा १७८०चा थालर ‘अस्सल जुना’ म्हणून पुढे केला तर घाई नको. ते साल तसंच ठेवून ही नाणी पुढे पाडतच राहिले, दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही. पक्कं बिल घ्या, परतताना कस्टमला दाखवायला लागेल.

आणि हॉलला आठवड्याच्या मधल्या वारी जा. मी इन्सब्रुकला परतलो तेव्हा शनिवारची संध्याकाळ, दुकानाला कुलूप. विमान रविवारचं होतं.