वडिलांच्या नावाचा रकाना

गेली काही वर्षे मी आठवड्यातून तीन संध्याकाळी एका अभ्यासवर्गात शिकवायला जाते. वर्ग कोल्हापुरातच आहे, पण नेमकी जागा येथे लिहीत नाही. कारण तेथे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या आया देहविक्रय करतात, आणि वर्गाचा पत्ता कळला की मुलांचाही पत्ता कळतो. नोकरीत असताना मी गणित शिकवत असे, त्यामुळे येथेही तेच करायचे आहे अशा समजुतीने गेले होते. प्रत्यक्षात निम्मा वेळ अर्ज भरण्यात जातो.

एका जून महिन्यात एक आई मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन आली आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हितं काय लिवायचं?" मी मोठ्या शहाणपणाने सांगितले की काही लिहू नका, मोकळे सोडा. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. शाळेच्या लिपिकाने तो मोकळा रकाना रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला दाखवला होता. तिसऱ्या दिवशी तिने, मला न विचारता, आपल्या वारलेल्या भावाचे नाव तेथे लिहिले आणि अर्ज बिनबोभाट स्वीकारला गेला. आता दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत त्या मुलीचा मामा तिचा बाप राहील.

तिच्या बाजूने कायदा नव्हता असे नाही. वयाचा दाखला नसला तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिल्यास वडिलांच्या नावासाठी अडवून न ठेवता मुलाचा जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले, परंतु ती मुले पहिलीत येतील तेव्हा 2030 उजाडलेले असेल, आणि आईनंतर वडिलांचे नाव त्या क्रमातही आहेच. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला हे सगळे पाठ असते. रांगेत उभ्या असलेल्या बाईला मात्र लिपिकाचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्या दिवशी मी तिच्याबरोबर शाळेत जायला हवे होते. तेव्हापासून मी जाते.

हे कोल्हापुरात घडावे याचे मला अधिक वाईट वाटते. याच संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. 1920 मध्ये त्यांनीच देवाला जोगत्या-मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. देवाला सोडलेल्या बाईच्या लेकरांचा प्रश्न या मातीला नवा नाही. 1975 मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली ती काही उगाच नव्हे. आमच्या वर्गातल्या दोन-तीन आयांच्या आया सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलेल्या होत्या. म्हणजे तो रकाना निदान दोन पिढ्या मोकळा आहे.

वर्ग संध्याकाळी का, असे विचारले जाते. धंद्याची वेळ आणि मुलांच्या अभ्यासाची वेळ एकच असते, एवढेच त्याचे उत्तर आहे. खोली एकच असेल तर गिऱ्हाईक आले की मूल बाहेर जाते, आणि बाहेर म्हणजे जिना, पानपट्टी किंवा स्टँड. मुंबईत कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' या संस्थेने 1988 मध्ये अशा मुलांसाठी रात्रीचे केंद्र सुरू केले. मुलाने तेथे जेवावे, अभ्यास करावा, झोपावे आणि सकाळी शाळेत जावे, अशी ती साधी कल्पना. कोल्हापुरात कामाठीपुऱ्यासारखी किंवा पुण्याच्या बुधवार पेठेसारखी मोठी वस्ती नाही, बायका भाड्याच्या खोल्यांतून आणि लॉजमधून विखुरलेल्या आहेत, त्यामुळे मुले एका ठिकाणी जमवणेच अवघड जाते. त्यात कायद्याची मेख आहे. 1956 च्या ज्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याला पोलीस आणि बायका दोघेही 'पिटा' म्हणतात, त्यानुसार दोन बायकांनी परस्परांच्या फायद्यासाठी एकच खोली वापरली तरी तो कुंटणखाना ठरू शकतो. घरमालक या भीतीपोटी भाडे वाढवून घेतो, आणि कुजबुज सुरू झाली की खोली रिकामी करायला सांगतो. खोली बदलली की शाळा बदलते. चौथीपर्यंत तीन शाळा झालेला एक मुलगा मला सातचा पाढा तीन वेगवेगळ्या चालींत म्हणून दाखवत असे.

महिला दिनाच्या सुमारास साड्या घेऊन येणारी मंडळी "मुलांना आधी येथून उचला" असा सल्ला हमखास देतात. साड्या आम्ही घेतो, सल्ला घेत नाही. आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणाने मुलाला तिच्यापासून तोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 च्या आदेशात म्हटले आहे. कोल्हापूर ही वसतिगृहांची जननी म्हणवते आणि वसतिगृहाला माझा विरोध नाही. बाल कल्याण समितीमार्फत गेलेली आमची चार मुले चांगली शिकत आहेत. पण ती आयांच्या मर्जीने गेली, आणि आया सुट्टीला डबा घेऊन भेटायला जातात. पैशाच्या योजना आहेत, त्यांची कथा थोडक्यात सांगते. बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा 2250 रुपये मिळतात आणि ते खरोखर उपयोगी पडतात, कागद पुरे असतील तर. संजय गांधी निराधार योजनेत वेश्याव्यवसायातून 'मुक्त केलेल्या' महिलेला दरमहा 1500 रुपये आहेत. ज्या बाईला कोणी मुक्त केले नाही, वय झाले म्हणून गिऱ्हाईकच यायचे थांबले, तिने मुक्तीचा दाखला कोणाकडून आणायचा, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

सर्वांत कमी विचार होतो तो मोठ्या मुलांचा. 'पिटा'च्या चौथ्या कलमानुसार अठरा वर्षांवरील कोणीही जाणूनबुजून अशा कमाईवर जगत असेल तर तो गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम दलालांसाठी लिहिले गेले, परंतु आईच्या पैशावर बी.कॉम.ची फी भरणारा मुलगा त्यातून शब्दशः सुटत नाही. सतराव्या वर्षी जो काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक होता, तो एका वाढदिवसाने संशयित होतो.

सातचा पाढा तीन चालींत म्हणणारा तो मुलगा आता बारावी झाला आहे आणि पुढच्या महिन्यात अठरा वर्षांचा होईल. आईनेच त्याला वेगळी खोली बघायला सांगितले आहे. कॉलेजजवळ एक मिळण्यासारखी आहे, भाडे आम्ही काही जण मिळून वर्षभर भरू. घरमालकांनी माहिती भरून आणण्यासाठी एक कागद दिला आहे. त्यात वडिलांचे नाव आणि वडिलांचा व्यवसाय असे दोन रकाने आहेत. सोमवारी तो कागद घेऊन येणार आहे, आणि या वेळी घरमालकांकडे त्याच्याबरोबर मीही जाणार आहे.