खेळवेडा असून यजमानपदाला विरोध का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कुस्तीपासून तिरंदाजीपर्यंत सगळं डोळे ताणून बघणारा हा माणूस ऑलिम्पिकच्या यजमानपदाचा विषय निघाला की नाक का मुरडतो? पर्यटक येतात, रोजगार येतो, शहराचं नाव होतं, मग अडतंय कुठे?

पर्यटकांचं आधी उरकतो. स्पर्धेचे पाहुणे येतात, पण नेहमीचे पाहुणे गर्दी आणि चढे दर बघून त्या महिन्यात तिकडे फिरकतच नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये, ऐन लंडन ऑलिम्पिकच्या वेळी, ब्रिटनमध्ये आलेले परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमीच भरले.

खरं दुखणं पाहुणे गेल्यावर सुरू होतं. कॅनडातल्या माँट्रियलचंच बघा. १९७६ च्या ऑलिम्पिकआधी तिथले महापौर ज्याँ द्रापो म्हणाले होते, पुरुषाला मूल होणार नाही तसा ऑलिम्पिकला तोटा होणार नाही. मग संप झाले, महागाई भडकली. उद्घाटनाची तारीख काही पुढे ढकलता येत नाही, हे ठेकेदारालाही पक्कं ठाऊक असतं. अशा वेळी तो सांगेल तो भाव. खेळ सुरू झाले तेव्हा स्टेडियमचा मनोरा अर्धवट होता, छप्पर तर नव्हतंच. कर्ज फिटलं २००६ मध्ये, बराचसा भाग तंबाखूवरच्या करातून. म्हणजे ज्यांचा १९७६ मध्ये जन्मही झाला नव्हता, त्यांच्याही सिगारेटीमागे त्या स्टेडियमची वसुली चालू होती!

आणि ते छप्पर! उघडझाप करणारं म्हणून १९८७ मध्ये बसवलं, ते वाऱ्याने फाटत राहिलं. १९९८ मध्ये कायमचं बसवलं, ते पुढच्याच जानेवारीत बर्फाच्या ओझ्याने फाटलं. त्यानंतर जरा जास्त बर्फ पडलं की आतले कार्यक्रम बंद. २०२४ मध्ये क्यूबेकच्या, म्हणजे माँट्रियल ज्या प्रांतात आहे तिथल्या, सरकारने नव्या छपरासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलर जाहीर केले. मग पाडून का टाकत नाहीत? पाडणं याहून महाग पडेल, असं सरकारच सांगतं. ठेवलं तरी खर्च, पाडलं तरी खर्च. मी भांडतो ते या बिलाबद्दल. उद्घाटनाची आतषबाजी त्यापुढे किरकोळ.

यावर कुणीतरी हमखास लॉस एंजेलिसचा दाखला देतं. बरोबर आहे, १९८४ मध्ये ते फायद्यात राहिलं. पण तेव्हा माँट्रियलच्या धसक्याने दुसरं शहर शर्यतीत उरलंच नव्हतं, म्हणून त्यांना आपल्या अटी मान्य करून घेता आल्या. मुख्य स्टेडियम जुनंच, १९३२ च्या ऑलिम्पिकचं. आणि तोट्याची हमी, म्हणजे तोटा झाला तर तो शहर भरेल असं लिहून द्यायला, शहराने साफ नकार दिला होता.

माझा सगळा जोर या हमीवर आहे. २०१५ मध्ये बॉस्टनचे महापौर मार्टी वॉल्श म्हणाले, करदात्यांना जामीन ठेवणाऱ्या कागदावर आज मी सही करणार नाही. त्याच दिवशी २०२४ च्या ऑलिम्पिकसाठीची बॉस्टनची दावेदारी मागे घेतली गेली. तेव्हा मला यजमानपदाचे फायदे ऐकवायचे असतील तर जरूर ऐकवा, फक्त तो हमीचा कागद सोबत आणा.