घरचं डोमेन राउंडक्यूबला जोडताना : दुसरी नोंद

मागच्या नोंदीपर्यंत डोमेन घेऊन झालं होतं आणि मेलबॉक्स उघडले होते. आता मेल राउंडक्यूबमधून, म्हणजे ब्राउझरमध्ये मेल वाचायच्या-लिहायच्या वेबमेल सॉफ्टवेअरमधून, नीट ये-जा करायला लागले आहेत. मांडणी अशी: पत्ते आडनावाच्या डोमेनवर, साठवण आणि पाठवणी एका मेल होस्टकडे, आणि वेबमेल माझ्या छोट्या सर्व्हरवर. मेल सर्व्हरही स्वतःच चालवावा असं आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. पण मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो पोर्ट २५ घरच्या ब्रॉडबँडवर बहुधा बंद असतो, आणि घरगुती आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) आलेल्या मेलवर कोणी विश्वास ठेवत नाही. उद्या होस्ट बदलला तरी पत्ता तोच राहील आणि घरच्यांना दिसणारी स्क्रीनही तीच राहील, म्हणून मला हा मधला मार्ग पटला.

जोडणी स्वतः फार वेळ खात नाही. आयमॅप (मेल वाचायची पद्धत) पोर्ट ९९३ वर, एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) ५८७ वर, स्टार्टटीएलएस या एन्क्रिप्शनसह. राउंडक्यूब १.६ पासून होस्ट आणि पोर्ट एकाच सेटिंगमध्ये लिहायचे असतात आणि त्या सेटिंगांची नावंही बदलली आहेत, त्यामुळे जुनी ट्यूटोरियल पाहून कॉन्फिग लिहू नका. आणि १.६ मालिकेत असाल तर आवृत्ती १.६.११ किंवा पुढची हवीच. जून २०२५ मध्ये त्या आवृत्तीने बुजवलेल्या भोकातून लॉगिन असलेला कुणीही सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता.

खरी मेहनत डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये आहे. प्रेषक खरा आहे का ते मेल घेणारा सर्व्हर याच नोंदींवरून, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांनी ठरवतो. पहिला चाचणी मेल जीमेलवर पाठवला आणि तिथे मूळ संदेश उघडून हेडर वाचलं: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क फेल. दोन पास असून तिसरा फेल कसा? कारण पास झाले ते होस्टच्या डोमेनसाठी. मेलला दोन प्रेषक असतात. एक पाकिटावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात, आणि एक आतल्या 'फ्रॉम' ओळीतला, जो माणसाला दिसतो. एसपीएफ पाकिटावरचा तपासतो: त्या डोमेनने या सर्व्हरला मेल पाठवायची परवानगी दिली आहे का. डीकेआयएमची सही ज्या डोमेनने केली त्या डोमेनचीच खात्री देते. डीमार्क एवढंच विचारतो की या दोघांपैकी पास झालेलं एखादं तरी डोमेन 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळतं का. माझ्या होस्टकडे स्वतःची किल्ली बसवेपर्यंत पाकीटही त्यांचं आणि सहीही त्यांचीच असते. हा जुळणीचा मुद्दा डोक्यात बसला की बाकीचे रेकॉर्ड पाठ करावे लागत नाहीत.

मग होस्टच्या पॅनेलमधून डीकेआयएमच्या सहीसाठी २०४८ बिटची किल्ली तयार केली. डीएनएसमध्ये टीएक्सटी (मजकुराच्या) रेकॉर्डचा एक तुकडा २५५ अक्षरांपर्यंतच असू शकतो आणि ही किल्ली त्यात मावत नाही, म्हणून ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून टाकायची. काही पॅनेल हे काम आपोआप करतात, काही मुकाट्याने शेपूट कापतात. शिवाय बरीच पॅनेल रेकॉर्डच्या नावाच्या शेवटी डोमेन स्वतः लावतात. तुम्हीही पूर्ण नाव दिलंत तर डोमेन दोनदा येतं आणि रेकॉर्ड कुणालाच सापडत नाही. त्यामुळे पॅनेलमधल्या हिरव्या खुणेवर जाऊ नका, 'डिग' या डीएनएस तपासायच्या कमांडने बाहेरून विचारून बघा. एसपीएफसाठी दोनच गोष्टी: एका डोमेनला एकच रेकॉर्ड, आणि त्यातल्या डीएनएस चौकशा दहाच्या आत. हे सगळं झाल्यावर हेडरमध्ये तिन्ही पास आले, आणि ती ओळ वाचताना मनापासून आनंद झाला.

फेल झालेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारं डीमार्कचं धोरण अजून 'नन'वर आहे, म्हणजे काही अडवायचं नाही, फक्त अहवाल मागवायचे. अहवाल एक्सएमएलमध्ये, झिप होऊन येतात: कोणत्या आयपीवरून किती मेल गेले, एसपीएफ काय, डीकेआयएम काय. त्यात एक अनोळखी आयपी सतत फेल होताना दिसला. शोध घेतला तर तो बाबांच्या जुन्या मित्रमंडळींच्या मेलिंग लिस्टचा सर्व्हर निघाला. लिस्ट प्रत्येक मेलखाली दोन ओळींची तळटीप जोडते, त्यामुळे मजकूर बदलतो आणि डीकेआयएमची सही मोडते. पाकीट तर लिस्टचंच. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनवर 'रिजेक्ट' (फेल झालेला मेल नाकारा) लावलं तेव्हा जगभरच्या लिस्टना नेमका हाच फटका बसला होता, आणि यावर उपाय म्हणून मेलमॅन या लिस्ट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फ्रॉम' बदलून पाठवायची सोय आहे. ती या लिस्टवर चालू होईपर्यंत मी 'क्वारंटाइन'वर (फेल झालेला मेल स्पॅममध्ये टाका) जाणार नाही. गेलो तर बाबांची पत्रं त्यांच्याच मित्रांच्या स्पॅममध्ये पडायची. आधी अहवाल वाचा, मगच धोरण कडक करा, असं मी आग्रहाने सांगेन.

आपल्या भाषेपुरती एक गोष्ट. आईने 'वीजबिलं' नावाचा फोल्डर केला. राउंडक्यूबमध्ये आणि फोनवर तो छान दिसतो, पण बॅकअपमध्ये बघितलं तर अँपरसँडने सुरू होणारी निरर्थक वाटणारी रोमन अक्षरांची रांग. घाबरायचं कारण नाही. आयमॅपमध्ये फोल्डरची नावं पूर्वीपासून यूटीएफ-७ या साध्या रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीच्या एका बदललेल्या रूपात जातात आणि अनेक सर्व्हर डिस्कवरही तेच रूप ठेवतात. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ही नावं जशीच्या तशी राहू द्यावीत, 'दुरुस्त' करू नयेत.

'सेंट'चे (पाठवलेल्या मेलचे) दोन-दोन फोल्डर दिसत होते, तेही मिटलं. फोन आणि राउंडक्यूब दोघांनाही सर्व्हरवरचा एकच फोल्डर नेमून दिला.

पुढचं काम सीव्ह फिल्टरचं, म्हणजे आलेले मेल आपोआप लावायच्या नियमांचं. हे नियम ज्यावरून बदलता येतात तो पोर्ट ४१९० होस्टकडे उघडा आहे, म्हणजे राउंडक्यूबचं मॅनेजसीव्ह प्लगइन चालायला हवं. नियम सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे ब्राउझर बंद असला तरी बँकेची स्टेटमेंट आपापल्या फोल्डरमध्ये जातील. पहिला नियम त्याच लिस्टसाठी लिहिणार आहे, विषयावरून नाही तर 'लिस्ट आयडी' हेडरवरून, कारण विषय प्रत्येक जण उत्तर देताना बदलतो.