भिंतीतलं पाणी आमच्याच खोलीतलं निघालं

मेच्या शेवटच्या आठवड्यात झाडलोट करताना झोपायच्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं आणि मागची भिंत बघून पोटात गोळाच आला. काळे-हिरवे बुरशीचे ठिपके, फुगलेली पुट्टी. कपाटाच्या मागच्या प्लायला हात लावला तर गार आणि दमट. खालच्या कप्प्यात आईच्या दोन नऊवारी होत्या, त्यांना कुबट वास लागलेला.

आम्ही ठाण्यात राहतो. इमारत नवी आहे आणि भिंती विटांच्या नाहीत, अख्ख्या काँक्रीटच्या आहेत. त्या भिंतीपलीकडे शेजारच्यांची झोपायची खोली. वॉटरप्रूफिंगवाल्याने भिंत ठोकून बघितली आणि लगेच सांगितलं, "लीकेज आहे मॅडम, शेजारून येतंय. भोकं पाडून ग्राउटिंग करावं लागेल. पाऊस आला की अजून वाढेल." मी तडक शेजारी गेले. "काकू, तुमच्या पाइपचं पाणी आमच्या भिंतीत उतरतंय," असं सरळ म्हणाले. त्यांनी बिचाऱ्यांनी प्लंबर बोलावून पाइपांचं प्रेशर तपासून घेतलं. दोन तासांत काटा जरासुद्धा खाली आला नाही. काकू मला काही बोलल्या नाहीत, पण लिफ्टमध्ये भेटल्या की नजर दुसरीकडे वळवायच्या. ते मला फार लागलं.

जूनमध्ये एका रात्री धो धो पाऊस झाला आणि पहाटेपर्यंत वीज नव्हती. लीकेज असतं तर सकाळी भिंत चिंब व्हायला हवी होती. हात लावला तर नेहमीपेक्षा कोरडी! मी सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "माठ पाझरतो आणि तांब्याला घाम येतो. पाणी दोन्हीकडे बाहेरच दिसतं, पण तांब्याचं पाणी आतून येत नाही गं. तुझी भिंत यातलं काय करतेय ते आधी बघ."

ते बघायची सोपी युक्ती आहे. भिंत पुसून पंख्याने पुरती सुकवायची, अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून बसवायचा आणि दोन दिवस थांबायचं. फॉइलच्या मागे पाणी आलं तर ओल भिंतीतून येतेय, पुढे आलं तर हवेतून. मी तुकडा लावून कपाट पुन्हा जागेवर सरकवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ओढलं, तर फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर मोहरीएवढे थेंब. सोलून बघितलं, भिंतीकडची बाजू ठणठणीत कोरडी. इतके दिवस थेंब कधीच दिसले नव्हते, कारण पुट्टी पाणी लगेच पिऊन टाकते. फॉइलला ते पिता येत नाही.

मग कोविडच्या वेळचं तापमान मोजायचं पिस्तूल काढलं; त्यात वस्तूचं तापमान बघायचीही सोय असते. खोलीची हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. उघडी भिंत २६ ते २७, कपाटामागची भिंत २४.

सगळं कोडं या आकड्यांत होतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प राहू शकतं. ८० टक्के म्हणजे २४ ग्रॅम. हवा गार होत २६ अंशांवर आली की तेवढ्या बाष्पानेच ती काठोकाठ भरते, हाच दवबिंदू. त्याहून गार काही हवेला लागलं की जास्तीचं बाष्प तिथे पाणी होऊन बसतं. आमची खोली दहा बाय बाराची, म्हणजे तिच्या नुसत्या हवेत पाऊण लिटरच्या वर पाणी! श्वासातून आणि दोरीवरच्या ओल्या कपड्यांतून त्यात भर पडते ती वेगळीच.

भिंत गार का? पलीकडचा एसी रात्रभर १८ वर, आणि त्याचा झोत थेट या भिंतीवर. काँक्रीटमधून गारवा विटेपेक्षा लवकर इकडे पोचतो. उघड्या भिंतीला पंख्याची उबदार हवा लागते. कपाटामागे ती ऊब फारशी पोचत नाही, बाष्प मात्र फटीतून बरोबर पोचतं. वीज गेली त्या रात्री तो एसीही बंद होता.

माझी आणखी एक चूक म्हणजे भिंत वाळावी म्हणून मी खिडकी उघडी ठेवायचे. जूनमध्ये बाहेरची हवा आतल्याइतकीच दमट असते, मी भिंतीला उलट पाणी पुरवत होते. खिडकी लावून आमचा एसी ड्राय मोडवर चालवला, तर त्याच्या नळीखालच्या बादलीत सकाळपर्यंत दोन लिटरच्या वर पाणी जमलं.

काकूंकडे गेले. "काकू, पाणी तुमचं नव्हतं. माझं चुकलं," म्हटलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग चहा टाकला. त्याच संध्याकाळी त्यांनी एसी २५ वर आणला आणि झोत वरच्या दिशेला वळवला.

बुरशी मी पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने पुसली, मास्क आणि हातमोजे घालून. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. कपाट समोरच्या भिंतीपाशी हलवलं, तेही वीतभर जागा सोडून. नऊवारींना ऊन दाखवलं, वास बराचसा गेला. पुट्टी आणि रंग दिवाळीच्या आधी करू, तोवर काँक्रीट पुरतं सुकू दे.

फॉइलचा नवा तुकडा अजून त्याच जागी आहे. आज पहाटे त्यावर हात फिरवला. कोरडा होता, भिंत २७ अंश.