अप्पांनी तिकिटं फाडली ती गावं

आमचे अप्पा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होईपर्यंतची बरीच वर्षं एरंडोल, कासोदा, भडगाव, चाळीसगाव याच पट्ट्यात गेली, त्यामुळे आमच्या घरात ही नावं पाढ्यासारखी पाठ. पण या गावांमध्ये आहे काय, हे अप्पांना कधी बघायलाच मिळालं नाही. गाडी थांबली, माणसं चढली उतरली, डबल बेल, चला. दिवाळीत मी माहेरी आले तेव्हा ते सहज बोलून गेले की फरकांड्याचं तिकीट किती वेळा फाडलं असेल पण मनोरा काही बघितला नाही माय, तेवढा राहून गेला. मला ते असं लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळीच आमची जुनी वॅगनार काढली, आईला चल म्हटलं तर ती म्हणाली तुम्ही बापलेक जा, मग शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याच्या भाकरी बांधून घेतल्या आणि जळगावहून निघालो.

नोव्हेंबरात खान्देशातला रस्ता काय दिसतो हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. कापसाची वेचणी चालू, ट्रॅक्टर ट्रॉल्या वरपर्यंत ठासून भरलेल्या, आणि ट्रॉली घासून गेली की दोन्ही बाजूच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहतात, मैलभर नुसत्या फुललेल्या बाभळी. एरंडोलहून आत पद्मालय आहे, एकाच गाभाऱ्यात उजव्या सोंडेचा आणि डाव्या सोंडेचा असे दोन गणपती, पण ते सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही, हात जोडून पुढे निघालो.

फरकांडे हे उतावळी नदीच्या काठचं साधं गाव. इथे झुलते मनोरे होते, दोन. एकावर चढून हलवलं की दुसरा हलायचा. अहमदाबादच्या सिदी बशीरच्या मनोऱ्यांचं नाव सगळीकडे आहे, तिथे लोक लांबून लांबून जातात, आणि तसलीच करामत आपल्या एरंडोल तालुक्यात आहे हे जळगावातल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. यात जादू नाही, पण कारागिरी जबरदस्त आहे. उंच बारीक मनोरा, विटा आणि चुना, म्हणजे बांधकाम थोडं लवचीक, त्याला ठरावीक लयीत धक्का दिला की तो डुलतो, आणि दोन्ही मनोरे एकाच बांधकामावर उभे असले की एकाचं कंपन खालून जाऊन दुसऱ्याला लागतं. दोघांची उंची जाडी सारखी असेल तरच हे होतं. झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकललं की तो वर वर जातो ना, तसंच. त्या काळच्या गवंड्यांनी हे कशावर मोजलं असेल याचा विचार करत मी बराच वेळ उभी होते.

पण आता एकच मनोरा उभा आहे. आम्ही वर बघत उभे होतो तर पारावरचे एक बाबा उठून आले, कथाईन उनात भाऊ, म्हणजे कुठून आलात, असं विचारलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "एक पडी गया, आते हाऊ एकच शे." बस एवढंच. मग त्यांनी सांगितलं की लहानपणी ते सगळे पोरं वर चढायचे, एकजण या मनोऱ्यात एकजण त्या मनोऱ्यात, आणि पोटात गोळा यायचा. अप्पा त्यांच्याजवळ टेकले आणि दोघांच्या अहिराणीत ज्या गप्पा सुरू झाल्या त्या अर्धा तास काही थांबल्या नाहीत, कारण ते बाबा अप्पांच्या गाडीने बाजाराला जायचे असं निघालं!

मी तोपर्यंत मनोऱ्याच्या जवळ गेले. गिलावा जागोजागी सुटलेला, आतल्या विटा उघड्या, जुन्या काळच्या त्या चपट्या पातळ विटा, आणि मधल्या चुन्यावर बोट फिरवलं तर पांढरी पूड बोटाला लागली. हात पटकन मागे घेतला. ज्याचा जोडीदार पडून गेलाय त्याला हात लावायलाच नको असं वाटलं. खाली कुणीतरी खिळ्याने नावं कोरून ठेवलीत, बदाम काढून. अरे बाबांनो, प्रेम करा, पण विटांना कशाला इजा करता? इथे येणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की वर चढू नका, हलवून बघू नका, लांबून बघा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, कारण दोन मनोरे एकत्र हलताना बघितलेली माणसं आता थोडीच राहिली असतील.

भडगाव सोडल्यावर अप्पांनी पाचोऱ्याच्या दिशेला हात केला आणि विचारलं पीजे आठवते का. आठवते म्हणजे काय! पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटरची नॅरोगेज, मामाकडे जाताना आम्ही तिच्यातच बसायचो, इतकी हळू की खिडकीतून हात काढला तर शेतातला हरभरा हाताला येईल असं वाटायचं. २०२० च्या लॉकडाऊनला बंद झाली, आता ब्रॉडगेज होतेय. होऊ दे, लोकांची सोय होईल, पण माझ्या पोराला त्या गाडीत एकदा बसवायचं होतं ते राहिलंच.

मग कजगाव, मग वाघळी. वाघळीला चाळीसगावला जाणारे हजारो लोक फक्त स्टेशनची पाटी बघतात. इथल्या जुन्या देवळात शके ९९१ चा शिलालेख आहे, म्हणजे इसवी सन १०६९. त्यात गोविंदराज नावाच्या मौर्य घराण्यातल्या सामंताचं नाव येतं, तो यादव राजा सेऊणचंद्राचा मांडलिक. मौर्य म्हटलं की आपल्याला पाटलीपुत्र, चंद्रगुप्त, अशोक एवढंच शाळेत शिकवलेलं, आणि इथे अशोकानंतर तेराशे वर्षांनी ते नाव लावणारं घराणं खान्देशात राज्य करत होतं. अप्पा म्हणाले, वाघळीचं तिकीट दिलं इतकी वर्षं आणि इथे राजे राहत होते हे कुणी सांगितलं नाही.

चाळीसगावला स्टेशनजवळच केकी मूस यांचा दगडी बंगला आहे. हा माणूस फोटोग्राफर, चित्रकार, मूर्तिकार, सतारसुद्धा वाजवायचा. १९१२ चा जन्म, मुंबईत आणि परदेशात शिकून चाळीसगावला परत आला आणि मग जवळजवळ पन्नास वर्षं या घरातून बाहेरच पडला नाही म्हटलं तरी चालेल. १९८९ च्या ३१ डिसेंबरला इथेच गेला. कारण काय, तर सांगतात की प्रेमातल्या मुलीने शब्द दिला होता, पंजाब मेलने येईन. म्हणून रोज रात्री पंजाब मेल जाईपर्यंत दारं खिडक्या उघडी, दिवे चालू, ताजी फुलं मांडलेली. गाडी निघून गेली की मग दार लावायचं. गंमत म्हणजे पंजाब मेलही १९१२ मध्येच सुरू झाली, माणूस आणि गाडी एकाच वयाची.

आत त्यांच्या टेबलटॉप फोटोग्राफीसमोर आम्ही दोघं खिळून राहिलो. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा की फोटोत अख्खा डोंगर, अख्खं रान दिसावं. घराबाहेर न जाणाऱ्या माणसाने सगळं बाहेरचं जग एका टेबलावर उभं केलं. अप्पा एका फोटोसमोरून हलेचनात, चष्मा काढून पुसून पुन्हा बघत होते. चाळीसगावला गाडी बदलायला तासभर मिळाला तर कृपा करून इथे या.

याच चाळीसगावात आणखी एक गोष्ट घडली होती आणि ती माहीत असायलाच हवी. २३ ऑक्टोबर १९२९ ला डॉ. आंबेडकर धुळ्याहून परत येताना लोकांच्या आग्रहावरून इथे उतरले. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना नेईना. शेवटी टांगा मिळाला पण हाकणारा कुणी येईना, म्हणून वस्तीतलाच एक माणूस पुढे बसला, त्याला टांग्याची सवय नव्हती, पुलावर चाक अडकलं आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा खाली नदीत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. स्टेशनबाहेर रिक्षांच्या गर्दीत उभं राहून मी अप्पांना हे सांगितलं. त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना एकाच गाडीत बसवून एकसारखंच तिकीट दिलेलं. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ.

दुपारी पाटणादेवी. चाळीसगावपासून अठरा वीस किलोमीटर, गौताळ्याच्या जंगलात, सह्याद्रीच्या कुशीत चंडिकेचं देऊळ. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते, पण देवीला येणाऱ्या किती जणांना इथला शिलालेख माहीत असेल? लीलावती लिहिणारे भास्कराचार्य, त्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, त्याने इथे आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, आणि त्या मठाला काय काय दान मिळालं ते शके ११२८ च्या या लेखात आहे. सुरुवातीचा भाग संस्कृत, आणि शेवटी चक्क जुनी मराठी. फोनमध्ये वाचन घेऊन गेले होते, ते अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं, "इयां पाटणीं जें केणें उघटे..." या पाटणात जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं. तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल. अप्पांचे डोळे असे चमकले! म्हणाले, म्हणजे वसुली कुणाकडून, किती, कुठे जमा करायची, सगळं लिहून ठेवलं, आपल्या कंडक्टरच्या हिशेबाच्या वेबिलासारखं. मग स्वतः दोनदा वाचलं, पाटणीं, पाटणीं असं म्हणत. आठशे वर्षांपूर्वी या जंगलात पोरं गणित शिकत होती आणि त्यांच्या दिव्याचं तेल गावातल्या तेल्याकडून येत होतं, मला तर अंगावर काटा आला.

रात्री चाळीसगावला आत्याकडे मुक्काम. शेवभाजी खाऊन सगळे आडवे झाले तर अप्पा शर्ट घालून दारात उभे. म्हटलं कुठे? म्हणाले पंजाब मेल बघून येऊ.

मध्यरात्रीच्या सुमाराला प्लॅटफॉर्मवर चहावाला आणि आम्ही आणि घोंगडी पांघरून झोपलेले चार लोक. गाडी आली, थांबली. एक बाई दोन पिशव्या आणि झोपाळलेलं पोरगं घेऊन उतरली, दोन कॉलेजची मुलं उतरली, बस. अप्पा पुढच्या डब्यापासून मागच्या डब्यापर्यंत एकेका दाराकडे बघत होते. गाडी हलली, मागचा लाल दिवा दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चल माय, आता दार लावलं असेल त्यांनी."